हात लावू नये

विज्ञानाच्या बाईंना राग आला की त्या फळा पुसत. फळ्यावर काही लिहिलेलं असलं पाहिजे अशी अट नसे. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याचा तास गळ्यात मारला, किंवा शिक्षकांच्या खोलीत कोणी त्यांचा कप वापरून तसाच ठेवला, की बाई डस्टर उचलत आणि कोऱ्या फळ्यावर असा हात चालवत की बघणाऱ्याला वाटावं, या फळ्याने यांचं काय घोडं मारलंय. त्या वर्षी तर फळ्याचा रंग उडायची वेळ आली. मुख्याध्यापकांनी भर सभेत बाईंच्या स्वच्छतेचं कौतुक केलं, आणि सभा संपल्यावर बाईंनी सभागृहातला फळाही पुसून काढला.

याला कारण एक पत्र. ते वरच्या कार्यालयातून आलं होतं, बाईंच्या घरच्या पत्त्यावर, बाईंच्या बाबांच्या नावाने. शिक्षकांनी विज्ञान नुसतं वाचून न दाखवता मुलांच्या हातून वस्तू करून घ्याव्यात, आणि त्यासाठी आधी शिक्षकांना स्वतःच्या हाताने वस्तू करायला शिकवावं, असं वर कोणाच्या तरी मनात आलं होतं. या प्रशिक्षणासाठी तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बाबांची निवड झाली होती. निवडीत खोट काढायला जागा नव्हती. बाबांनी सगळी नोकरी डबे, दोऱ्या, झाकणं आणि बाटल्या यांच्या जोरावर विज्ञान शिकवण्यात घालवली होती, आणि असं प्रशिक्षण घ्या म्हणून ते दरवर्षी न चुकता कार्यालयाला अर्ज करत. दरवर्षी उत्तर येई, की अर्ज विचाराधीन आहे. तो विचार आता पूर्ण झाला होता. फक्त तो पूर्ण व्हायच्या काही महिने आधी बाबा वारले होते.

बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि घरात फळा नसल्यामुळे ओटा पुसला. मग त्या कार्यालयात गेल्या.

कार्यालयातल्या एकुलत्या एक कारकुनांकडे पत्रव्यवहारही होता आणि सामानाचा साठाही होता, त्यामुळे त्यांना माणसांबद्दल आणि वस्तूंबद्दल एकाच आवाजात बोलायची सवय लागली होती. बाईंनी पत्र पुढे केलं आणि सांगितलं की बाबा गेले. कारकुनांनी वर न बघता विचारलं, कुठे. बाईंनी नीट समजावून सांगितलं. कारकुनांनी मान हलवली, वाईट वाटल्यासारखा आवाज काढला, आणि मग अडचण सांगितली. यादी मंजूर होऊन आली होती. मंजूर यादीतून नाव काढायचं तर अर्ज लागतो.

"मी करते अर्ज," बाई म्हणाल्या.

"तुमचा नाही चालणार. ज्यांचं नाव वगळायचं त्यांचाच लागतो."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जसं जेवणाची सुट्टी कधी होते ते सांगावं. मग बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण त्यांचा सूर मवाळ झाला. बाईंनीच बाबांच्या जागी यावं, हजेरीपटावर बाबांच्या नावासमोर 'करिता' असं लिहावं आणि सही ठोकावी. सगळे असंच करतात. आणि बाई येणार नसतील तर किट पुरवणाऱ्या कंपनीचा एक माणूस तयारच होता, तो पडद्यावर चित्रं दाखवून चहाच्या आत मोकळं करतो.

बाबांच्या जागी तो चित्रं दाखवणारा उभा राहिलेला बाईंच्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी रुमाल काढला आणि कारकुनांच्या टेबलावरची काच खसाखसा पुसली. कारकुनांनी आभार मानले.

काय करून दाखवायचं याचा विचार करावा लागला नाही. घरी बाहेरच्या खोलीत, कपाटावर, काचेच्या पेटीत बाबांचा हात होता. हात म्हणजे पुठ्ठ्याचा. बाबांनी तो शेवटच्या आजारपणात, अंथरुणात बसून बनवला होता. घरात सिरिंजांचा ढीग साठला होता. त्यांच्यासाठीच आणलेल्या, पण न वापरलेल्या. बाबा म्हणाले, आता मला टोचून काही निघत नाही, यांना दुसरं काम देऊ. दोन सिरिंजांच्या मध्ये सलाइनची नळी, आत पाणी. एक दट्ट्या दाबला की दुसरा बाहेर येतो आणि पुठ्ठ्याचं बोट मिटतं. पाच बोटांना अशा पाच जोड्या. शेवटच्या बाकावरच्या पोरालाही पाणी सरकताना दिसावं म्हणून त्यांनी त्यात पेनची निळी शाई घातली होती. हात झकास चालायचा. फक्त तर्जनी जरा आळशी होती. तिच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला होता. दाबलं की आधी तो आक्रसायचा, आणि मग बोटाला आपलं काम आठवायचं. बाबा म्हणाले होते, उद्या काढू हवा.

ते गेल्यावर बाईंनी काचेची पेटी विकत आणली, हात आत ठेवला, आणि आत्याला सांगितलं की त्यावरची धूळ मी पुसेन. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण; आजारपणात मदतीला आली आणि मग राहिलीच. तिने पेटीकडे बघून एवढंच म्हटलं होतं, की दादा असता तर यात त्याने मासे पाळले असते.

बाईंनी मनात दोन गोष्टी पक्क्या केल्या. प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने निदान एक बोट स्वतः बनवायचं, म्हणजे पाचजण मिळून एक हात होईल. आणि बाबांचा हात नमुना म्हणून न्यायचा तो जसा नेला तसा, त्या बुडबुड्यासकट, परत आणायचा. पहिली गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली. दुसरी कोणालाच सांगितली नाही, पण खरी काळजी तिचीच होती.

आता माणूस एखादं काम हाती घेतो तेव्हा ते एकट्याचं असतं. जिन्यात बोलला की ते सगळ्या इमारतीचं होतं. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी हाताचा विमा उतरवायला सांगितला. तो जमत नसेल तर निदान कार्यालयाकडून पोच घे, पोच नाही तर वस्तू नाही, असं ते दोनदा म्हणाले. समोरच्या काकूंना हा सगळा खटाटोपच कळेना. त्यांच्या नातवाचे सगळे प्रकल्प दुकानातून तयार येत आणि त्याला दरवेळी पहिलं बक्षीस मिळे. गेल्या वर्षी त्याने ज्वालामुखी नेला होता, तो इतका सुबक होता की त्याचं नेमकं काय होतं हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नाही, आणि परीक्षकांनी विचारलंही नाही. बाईंनी काकूंच्या दारावरची पाटी पुसून दिली.

पुठ्ठा मात्र काकांकडूनच मिळाला. त्यांच्याकडे फ्रिजचा खोका होता. फ्रिज बदलून द्यायची वेळ आली तर मूळ खोका लागतो, म्हणून तो माळ्यावर जपला होता. फ्रिज केव्हाच भंगारात गेला होता, पण नियम तो नियम. बरीच घालमेल होऊन त्यांनी खोका दिला, आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभं राहावं तसे जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

राहिल्या सिरिंजा. कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीचा होता. बाबांचं सगळं तिथूनच यायचं. बाई गेल्या तेव्हा दुकानात गर्दी होती. बाईंना बघून तो हसला आणि म्हणाला की बऱ्याच दिवसांत फेरी नाही, म्हणजे बाबांना आता बरं दिसतंय.

मागे रांग होती. शेजारी उभ्या एका बाईच्या कडेवर रडणारं मूल होतं. त्या गडबडीत बाई 'हो' म्हणाल्या.

तोंडातून गेलेलं परत घेता आलं नाही, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दावर रचत जावं लागलं. सिरिंजा किती हव्यात या प्रश्नाला बाईंनी ऐंशी म्हटल्यावर औषधवाल्याने हातातली कात्री खाली ठेवली. बरं असलेल्या माणसाला ऐंशी सिरिंजा कशाला लागतात, हे त्याने विचारलं नाही, पण दुकानातल्या प्रत्येकाच्या मनात ते उमटलेलं बाईंना पाठीत जाणवलं. बाई म्हणाल्या, पाणी भरायचंय. याने प्रकरण सुधारलं नाही. औषधवाल्याने हळू आवाजात डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. बाईंनी हळू आवाजातच सांगितलं की चिठ्ठी नाही, आणि मान ताठ ठेवून बाहेर पडल्या. ताठ मानेमुळे पायरी दिसली नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, बाबा हयात असून अत्यवस्थ आहेत आणि घरच्यांनी उगीच ते गेल्याचं पसरवलं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, बाबा गेले ते खरं, पण त्या धक्क्याने पोरगी नको त्या नादाला लागली. बँकवाले काका दुसऱ्या पक्षात होते. ते खाली आले, खुर्चीच्या अगदी टोकावर बसले आणि आयुष्य सुंदर असतं या विषयावर बोलले. बाई लंगडत चहा करायला गेल्या, तेही त्यांना पुराव्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आत्या आली. ती डोकेदुखीचं मलम आणायला त्याच दुकानात गेली होती.

"दादा बरा आहे म्हणे," ती म्हणाली. "औषधवाल्याने सांगितलं. जपा म्हणाला त्यांना."

आत्या आधी हसली, चांगली मोठ्याने हसली, आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसली. पुसणं हे घराण्यातच असावं.

मग ती उठली, तशीच पुन्हा दुकानात गेली आणि काय बोलली ते तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सिरिंजांचं भलंमोठं पाकीट घरपोच आलं, सोबत सलाइनच्या नळ्यांचं भेंडोळं, आणि चिठ्ठीचं नावही नाही. बाईंना त्याचाही राग आला. त्या दिवसांत त्यांना चांगुलपणाचा राग जास्त येत असे, कारण त्याच्यावर ओरडता येत नाही.

प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी बाई सगळं घेऊन ठरलेल्या शाळेच्या सभागृहात गेल्या, तर तिथे कारकून आधीच हजर. त्यांच्यामागे खोके रचलेले. कार्यालयानेही किट मागवली होती. प्रत्येक खोका सीलबंद, आणि प्रत्येकावर लाल अक्षरांची चिठ्ठी: हात लावू नये. बाईंनी विचारलं की उद्या हे उघडायचं कधी. कारकून दचकले. किटची नोंद डेडस्टॉकमध्ये झाली होती. डेडस्टॉक म्हणजे जी वस्तू वापरून संपत नाही आणि म्हणून कायम शिल्लक दिसावीच लागते. ती उघडली की वापरली जाते, वापरली की मोडते, मोडली की तपासणीवाले विचारतात, आणि ते कारकुनांना विचारतात. एकदा एका शाळेत पृथ्वीचा गोल मोडला होता. गोल सापडला, आस सापडला नाही. पृथ्वीचा आस कुठे गेला या विषयावर कारकुनांनी कित्येक वर्षं उत्तरं लिहिली होती. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्यांना निवृत्तिवेतन शांतपणे खायचं होतं. सबब, शिक्षकांनी खोक्यांसोबत फोटो काढावेत, म्हणजे प्रशिक्षण झाल्यासारखं होईल.

"आणि हे काय?" त्यांनी बाईंच्या पेटीकडे बोट दाखवलं.

बाईंनी सांगितलं. कारकुनांनी सांगितलं की सभागृहात आलेल्या कुठल्याही वस्तूला नंबर पाहिजे, नंबर नसेल तर फाटकावरून बाहेर सोडत नाहीत. बाहेर न सोडण्याची भीती खरी होती. बाईंनी पेटी उघडली. कारकुनांनी बाबांच्या हाताच्या तळव्यावर, मधोमध, नंबराची चिठ्ठी चिकटवली, आणि सवयीने तिच्याखाली ती दुसरी, लाल अक्षरांचीही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी त्यांनी सभागृहाचा फळा पुसला, खिडक्या पुसल्या, आणि खुर्च्या पुसायला घेतल्या तेव्हा पहारेकऱ्याने दिवे बंद केले.

दुसऱ्या दिवशी शिक्षक आले. 'करून शिकू या' असा फलक लागला होता. चाळीसजण होते आणि त्यातले बहुतेक, नावं ठरली त्या दिवशी नकार द्यायला शाळेत हजर नव्हते म्हणून निवडले गेले होते. बाईंनी हजेरीपटावर बाबांच्या नावासमोर 'करिता' लिहून सही केली. पेन कागदातून आरपार गेलं.

बाईंनी हाताची रचना समजावली. दट्ट्या दाबला, बोटं मिटली, तर्जनी मागून आली. पुढच्या रांगेतले लोक जवळ सरकले. शेवटच्या खुर्चीवर एक गणिताचे सर होते. त्यांच्या शाळेत विज्ञानाला कोणी नव्हतं म्हणून विज्ञानही तेच ओढत होते. ते उठून टेबलापाशी आले आणि त्यांनी तर्जनीच्या नळीकडे बोट नेलं.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला. बाईंनी तो परत आलेला ऐकला. सरांनी हात मागे घेतला आणि फलकाकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "म्हणजे आम्ही लांबूनच करून शिकायचं."

सगळे हसले. खोक्यांवर बसलेले कारकूनही हसले, आणि बाईंना अख्ख्या जगात त्या क्षणी जर कोणाचं हसणं सहन होणार नव्हतं तर ते त्यांचं. कारण कारकून आपल्यातलंच माणूस ओळखल्यासारखे हसले होते. बाई उलट्या वळल्या आणि स्वच्छ फळा पुसू लागल्या. सर चुकीचं बोलले असते तर बाईंनी चार शब्द सुनावले असते. ते चुकीचं बोलले नव्हते, हाच त्यांचा अपराध.

तेवढ्यात वरच्या कार्यालयातले साहेब आले. उद्घाटनाची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण साहेब आल्याशिवाय सुरू झालेली गोष्ट सुरू झाली असं मानायची पद्धत नव्हती. अंगात पांढराशुभ्र शर्ट. त्यांनी हाताने काम करण्याचं महत्त्व सांगितलं. लहानपणी त्यांनी घरातला रेडिओ उघडला होता. तो पुन्हा बंद झाला का, हे भाषणात आलं नाही. मग ते टेबलापाशी आले. साहेबांना 'हात लावू नका' म्हणायची कोणाची टाप. कारकूनही बोलले नाहीत. बाई बोलायला गेल्या, पण तोवर साहेबांनी पाचही दट्टे दोन्ही हातांनी दाबले होते.

चार बोटं मिटली. तर्जनी साहेबांच्या छातीवर रोखलेली राहिली. फोटो काढणारा समोर उभा. साहेबांनी जोर लावला. बाई म्हणाल्या, थांबा, त्यात हवा आहे, ती मागून येते. साहेबांना कोणासाठी थांबायची सवय नव्हती. त्यांनी अंगठ्याने सगळा भार दिला, नळी सिरिंजवरून निसटली, आणि निळ्या पाण्याची चिळकांडी साहेबांच्या शर्टावर गळ्यापासून पट्ट्यापर्यंत उडाली.

कारकून सगळ्यात आधी हलले. ते म्हणाले, नोंदलेली वस्तू मोडली. साहेबांनी विचारलं, हे कोणी बनवलंय. कारकुनांनी यादी काढली आणि बाबांचं पूर्ण नाव, आडनावासह, खणखणीत वाचलं.

"कारणे दाखवा नोटीस काढा त्यांना," साहेब म्हणाले. "आजच्या आज."

बाईंच्या हातात डस्टर होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

"काढा," त्या म्हणाल्या. "पण पोचवायला तुम्ही स्वतः जा."

साहेबांनी विचारलं, म्हणजे काय, राहतात कुठे ते. कारकून पुढे झाले आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. शर्ट चोळणारा साहेबांचा हात थांबला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, टेबलावरच्या हाताकडे पाहिलं.

"मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. कार्यालयात येऊन सांगितलं होतं. तुमच्या कार्यालयाला त्यांचा अर्ज हवा होता. जिवंत होते तेव्हा इतके अर्ज केले, त्यातला एखादा वापरा."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर साहेबांना काही उत्तर सुचलं असतं. त्यांना दुसऱ्या सभेला जायचं असल्याचं आठवलं आणि ते निळ्या शर्टानिशी गेले. नोटीस मात्र काढायला सांगून झाली होती, आणि ती रद्द करा असं कोणी म्हटलं नव्हतं.

बाई वळल्या तर गणिताचे सर हात घेऊन जमिनीवर बसलेले. त्यांनी रुमालाने पुठ्ठा टिपला होता. निसटलेली नळी बाजूला ठेवली होती. बाईंनी ती उचलली. ती पूर्ण रिकामी होती. रिकाम्या नळीत बुडबुडा शोधता येत नाही, हे विज्ञानाच्या बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी नळी उजेडाला धरून पाहिली.

"बाई, हे मी नाही मोडलं," सर म्हणाले.

"माहीत आहे."

"पण सांगाल तर जोडतो."

बाई फळ्यापाशी गेल्या. सगळं सभागृह बघत होतं आणि बाई पुसत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून खालपर्यंत. मग त्यांनी डस्टर खिडकीत ठेवलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"बादली आणा. पाण्यात बुडवून भरायचं. जोडायचंही पाण्याखालीच, म्हणजे हवा शिरत नाही. आधी हवा काढायची, जोर नंतर."

त्यानंतर सभागृहात जे झालं त्याला प्रशिक्षण म्हणायचं की पूर, हे कार्यालयाने अजून ठरवलेलं नाही. पाचापाचांचे गट पडले आणि पहिलं भांडण अंगठ्यावरून झालं. करंगळी कोणाला नको. शेवटी नोकरीच्या ज्येष्ठतेने बोटं वाटली गेली. एका गटाने काकांच्या खोक्याचा जो तुकडा कापला त्यावर 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं आणि त्यांचा हात सदैव उलटा बसला. बाई गटागटांतून ओरडत फिरत होत्या. नळी अशी धरतात का, तुमच्या वर्गातली पोरं याहून बरं करतील, डोळे काय खिशात ठेवलेत का. शाळेत कोणाला एवढं बोलल्या असत्या तर तक्रार झाली असती. इथे कोणी दुखावलं नाही, कारण प्रत्येकाच्या हातातून काहीतरी ठिबकत होतं आणि ते थांबवण्यापलीकडे कोणाला सवड नव्हती. पाणी खोक्यांकडे सरकलं तेव्हा कारकून पाय वर घेऊन बसले. कोणीतरी नळीचं एक टोक त्यांच्या हाती दिलं, जरा धरा म्हणून. हे तात्पुरतं आहे, असं ते म्हणाले. थोड्या वेळाने बाईंनी पाहिलं तर ते दट्ट्या दाबत होते आणि समोरचं बोट मिटताना बघत होते. मग पुन्हा दाबत होते.

बाबांचा हात सरांनीच भरला, बाईंच्या देखत, बादलीत कोपरापर्यंत हात घालून. तळव्यावरच्या दोन्ही चिठ्ठ्या भिजून कधीच गळून पडल्या होत्या. मग बाईंनी दट्टे दाबले. पाचही बोटं एकदम मिटली. तर्जनी जराही मागे राहिली नाही. बाबांना हवं होतं तसंच झालं होतं, आणि बाईंना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा एकदम मिटली.

निघताना सर दारात घुटमळले. त्यांच्या गटाने बनवलेला हात अंगठेवाल्या ज्येष्ठ बाई घेऊन गेल्या होत्या. पोरांना दाखवायला हा, बाबांचा हात मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

"जपून," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही, जपू नका. त्यांना दाबू दे. मोडला तर त्यांच्याकडूनच जोडून घ्या."

फाटकावर पहारेकऱ्याने हाताचा नंबर विचारला. सर म्हणाले, पाण्यात गेला. पहारेकऱ्याने नियम आठवून पाहिला, पाण्यात गेलेल्या नंबराचा नियम सापडला नाही, आणि त्याने फाटक उघडलं.

घरी आत्याने रिकामी पेटी पाहिली. ती तशीच दोन दिवस रिकामी राहिली. मग आत्याने तिच्यात कोथिंबीर लावली.

नोटीस आलीच. बाबांच्या नावाने, लाल शिक्क्यासह. प्रात्यक्षिकाच्या वेळी पाणी का उडाले, याचा लेखी खुलासा त्यांनी स्वतः करावा. बँकवाले काका वकील गाठायला सांगून गेले. उत्तरच देऊ नकोस, असंही म्हणाले. ते आता बाबांचं काय वाकडं करणार. बाईंनी नोटीस दोनदा वाचली. पुसायला त्या दिवशी त्यांनी काही हातात घेतलं नाही. कोरा कागद घेतला आणि लिहायला बसल्या.

"तर्जनीच्या नळीत थोडी हवा राहिली होती. ती उद्या काढू, असं मी म्हणालो होतो. ते राहून गेलं. आता नळी पाण्याखाली धरून पुन्हा भरली आहे. पाचही बोटं बरोबर मिटतात."

खाली त्यांनी बाबांचं नाव घातलं, त्याखाली 'करिता', आणि स्वतःची सही. वर्गात आता रोज नळ्या भरणं चाललं होतं, त्यामुळे त्यांची बोटं निळीच असत. सहीशेजारी अंगठ्याचा ठसा उमटला. बाईंनी रुमाल काढला.

"पुसू नकोस," खांद्यावरून वाचत उभी असलेली आत्या म्हणाली. "पसरेल."